विनय, भिंती मी खरवडल्या

विनय,

काल सकाळी रंगारी मारेक आला आणि त्यानं स्वयंपाकघरातल्या वॉलपेपरची पहिली पट्टी छतापासून ओट्यापर्यंत एका दमात ओढून काढली. तुझी बदकं गेली. गळ्यात निळी रिबीन बांधून एकामागोमाग एक निघालेली, साडेसहा वर्षं माझ्या पोळ्यांवर नजर ठेवून असलेली ती बदकं आता गॅरेजमध्ये काळ्या पिशवीत पडली आहेत. मला फार बरं वाटलं. इतकं बरं गेल्या दोन महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि ते तुलाच सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलले. मंडळानं हॉल घेऊन शोकसभा केली. तू हसतमुख होतास, नव्यानं आलेल्या पोरांना एअरपोर्टवरून आणायचास, गणपतीत दिव्यांच्या माळा तूच सोडवायचास. सगळं खरं आहे. मी पुढच्या खुर्चीत बसून मान हलवत होते. पण माझं तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय. ते मध्येच टाकून गेलास म्हणजे जिंकलास, असं समजू नकोस.

घर घेतलं तो ऑक्टोबर आठवतो का? दोन हजार एक साल. म्हातारं जोडपं मुलाकडे फ्लोरिडाला निघालं होतं. त्या आजीनं मला एकेक खोली हौसेनं दाखवली. बैठकीच्या खोलीत बारीक गुलाबी फुलं, जेवणाच्या खोलीत तपकिरी पट्टे, बाथरूममध्ये शिंपले आणि स्वयंपाकघरात बदकं. एक भिंत म्हणून मोकळी नव्हती. तिचं घर, तिनं मनासारखं सजवलेलं, माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आधी सगळा वॉलपेपर काढू, मग सामान लावू." तू किल्ली फिरवत म्हणालास, "मेधा, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. आपण परत जाणार. दुसऱ्याच्या भिंतीपायी कशाला जीव काढायचा?"

मला ते पटलं. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा फार आवडलंसुद्धा. मला परत जायचंच होतं. साताऱ्यात बाबा एकटे होते, इथं मला काम करायची परवानगी नव्हती, दुपारी खिडकीशी उभं राहून शाळेच्या बसची वाट बघायची एवढाच माझा उद्योग. दोन वर्षं काय, डोळे मिटून काढली असती. बदकांना मी पाहुणे समजले.

मग तुझी दोन वर्षं दर वर्षी पहिल्यापासून सुरू व्हायला लागली. भिंतीला एक खिळा मारू दिला नाहीस. "रीसेलला वाईट दिसतं." देव टॉवेलांच्या कपाटात, मधल्या खणात. साडेसहा वर्षं मी अंग पुसायच्या पंचांशेजारी बसलेल्या बाळकृष्णाला नैवेद्य दाखवलाय. ईशानं पियानो मागितला, तर जाताना तो कोण उचलणार? मागच्या अंगणात सफरचंदाचं झाड लावू म्हटलं, तर फळ धरेपर्यंत आपण पुण्यात असू. बेसमेंटमध्ये टीव्हीचा खोका, मायक्रोवेव्हचा खोका, मिक्सरचा खोका, सगळे आतल्या थर्मोकोलसकट. हे खोके इथल्या आपल्या प्रत्येक घरात आहेत, मला ठाऊक आहे. हळदीकुंकवाला आम्ही बायका त्यावर पोट धरून हसायचो. पण त्या बायकांनी खोके ठेवून भिंती तरी रंगवून घेतल्या होत्या.

आणि बदकं सुसह्य केलीस तीही तूच. पहिल्या हिवाळ्यात बर्फानं दोन दिवस कोंडून पडलो होतो, तेव्हा तू त्यांना नावं दिलीस. शेगडीच्या वरचं, मान तिरकी करून बघणारं, ते बंडूमामा. नक्षी दर दोन फुटांवर तीच, म्हणून एकूण सात बंडूमामा. पोळी करपली की म्हणायचास, "मेधा, सातही मामांनी पाहिलं हं." ईशा वैतागायची, "बाबा, दे आर गीज, नॉट डक्स." मी हसायचे. माणसाला हसवून गप्प करायचं ही तुझी जुनी खोड. हसणाऱ्या बायकोला पुढचा प्रश्न विचारता येत नाही.

तीन साली बाबा गेले. व्हिसाच्या शिक्क्यापायी मला वेळेवर निघता आलं नाही, आणि मी पोचले तेव्हा दहावाही होऊन गेला होता. त्यानंतर मला परत जायची घाई उरली नाही. मला घर हवं होतं, कुठंही चालेल, पण माझं. पुढच्या वर्षी तू दोन आठवडे बंगळूरला गेलास, तेव्हा मी हार्डवेअरच्या दुकानातून पाणी फवारायची बाटली आणि रुंद पात्याची खरवडणी आणली आणि खिडकीशेजारचा वीतभर कागद सोलला. खालून भुरकट, ओरखडलेली भिंत निघाली. मला कोण आनंद झाला होता.

तू आलास, बघितलंस, ओरडला नाहीस. ओरडायचा तुझा स्वभावच नव्हता. रविवारी बसून तू तो सोललेला कागद परत चिकटवलास, इतका बेमालूम की मला सांधा शोधायला लागला. म्हणालास, "खालची भिंत खराब आहे. एकदा सुरू केलं की सगळंच काढावं लागेल."

"मग सगळं काढू."

"जायचंय ना आपल्याला?"

"कधी? मला तारीख सांग, विनय."

"चहा टाकतेस का?" तू म्हणालास.

आपलं भांडण तिथं थांबलंय. मी चहा टाकला होता, हे आठवून आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळबद्दल मी इथं फारसं लिहिणार नाही. लायब्ररीत माझी साडेआठची ड्यूटी होती आणि रात्रभर बर्फ पडलं होतं. तू फावडं घेऊन बाहेर गेलास. शेजारचा माणूस दार वाजवायला आला तेव्हा मी डबा भरत होते. नंतर सगळे गेल्यावर मी ड्राइव्हवेवर उभी राहिले. माझ्या गाडीपुरता रस्ता अगदी काठापर्यंत साफ केलेला होता. तुझ्या गाडीचा भाग तसाच होता. दर हिवाळ्यात आधी माझी गाडी, मग तुझी. काच खरवडून, इंजिन सुरू करून, आत ऊब करून ठेवायचास. इतक्या वर्षांत मी थंड गाडीत बसल्याचं मला आठवत नाही. याचं मी काय करू, सांग. तू धड रागावूसुद्धा देत नाहीस.

तरी रागावले आहे. ऐक.

तेराव्याला आईंचा फोन आला. तुझ्या आई, एक्याऐंशी वर्षांच्या, आवाज अजून खणखणीत. "मेधा, झालं ते झालं," म्हणाल्या. "आता अस्थी घेऊन ये आणि पुन्हा तिकडे जायचं नाव काढू नकोस. माझ्या विनूचा जीव सगळा इकडे होता गं. दर रविवारी म्हणायचा, आई, मी उद्या निघेन, पण मेधाला इथलंच आवडतं, तिचं मन मोडवत नाही मला. तू जरा ऐकलं असतंस तर माझं पोर बर्फ उपसत मेलं नसतं."

मी रिसीव्हर धरून उभी. तोंडातून निघालं ते एवढंच, "हो, आई."

दर रविवारी तू कॉलिंग कार्ड घेऊन बेसमेंटमध्ये जायचास. मला वाटायचं, वर टीव्हीचा आवाज असतो म्हणून. मी तुला तिथं चहा आणून द्यायचे. खोक्यांच्या मधे बसून तू आईशी बोलत असायचास, माझ्या हातून कप घ्यायचास आणि मान डोलवायचास. त्या कपाआधी की कपानंतर तू माझं नाव घेतलंस, तेवढं मला कळायला हवं होतं.

चार दिवसांनी शिरीष तुझ्या ऑफिसातलं सामान घेऊन आला. तुझा कॉलेजपासूनचा मित्र, त्याच कंपनीत, तीन गल्ल्या सोडून घर. त्याला मी सरळ विचारलं, "विनयनं कधी पुण्याला बदली मागितली होती का?" तो बुटांकडे बघायला लागला.

"वहिनी, मागायची काय गरज? पुणे ऑफिसची ऑफर त्याला दोनदा आली होती. चार साली आणि सहा साली. त्यानं डिक्लाइन केली."

"का?"

"आता जाऊ द्या ना यार, वहिनी."

"शिरीष, का?"

"मॅनेजरला म्हणाला, माय वाइफ डझन्ट वाँट टू गो बॅक."

चार साली. म्हणजे ज्या वर्षी तो वीतभर कागद तू परत चिकटवलास, त्याच वर्षी. मला सांगत होतास आपण निघणार, आईला सांगत होतास ही येऊ देत नाही, कंपनीला सांगत होतास बायको नको म्हणते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. सगळं पुणं मला साडेसहा वर्षं शिव्या घालत होतं आणि मी इथं कुणाच्या तरी बदकांखाली पोळ्या लाटत होते, कारण काय, तर आपल्याला जायचंय.

इतके दिवस तुझ्यासाठी रडले होते, ते सगळं मला परत घ्यावंसं वाटलं. त्याच दुपारी तुझे शर्ट, पँट्स, कोट पिशव्यांत कोंबले आणि ग्रोसरीच्या दुकानापाशी कपडे दान करायची जी लोखंडी पेटी असते तिच्यात ढकलून आले. निळा स्वेटरसुद्धा. तासाभरानं परत गेले. पेटीच्या फटीतून हात कोपरापर्यंतच जातो, ती तशीच बनवलेली असते. एक बाई गाडीत बसून माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी पडल्यासारखं करून घरी आले.

तुला जायचं नव्हतं, एवढंच ना? मग तसं म्हणायचं होतंस. मी काय तुला खाल्लं असतं? तुला इथलं काम आवडत होतं, मोकळे रस्ते आवडत होते, कुणी उठून 'अरे विनू' करत घरात शिरत नाही हे तर फारच आवडत होतं. मला कळलं असतं. पण तुला आईचा गुणी मुलगाही राहायचं होतं आणि नेपरव्हिलमध्ये सुखानं नांदायचंही होतं. दोन्ही डगरींवर हात ठेवायचे आणि खाली बघायचं नाही. खाली मी होते, विनय.

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की आता मला खरंच जायचं नाही. तुझं खोटं तू मरेपर्यंत खरं करून ठेवलंस. माझी लायब्ररी इथं आहे, ईशाची शाळा इथं आहे, साताऱ्याला कुलूप आहे. आई फोनवर फोन करत राहिल्या, अस्थी घेऊन कधी येतेस, किती दिवस ठेवायच्या घरात. शोकसभेला आलेल्या सगळ्यांचं मत एकच, घर विकून टाक, मार्केट आणखी पडायच्या आत. मीही हो म्हणत होते. मारेकला बोलावलं ते विकायच्याच तयारीनं.

मारेक पोलंडचा. पन्नाशीचा, जाड मिशांचा, मोजकं बोलणारा. त्यानं भिंतीवरून तळहात फिरवला, एका कोपऱ्यावर पाणी मारलं, थोडं थांबून नखानं कागद उचलला आणि मान हलवली. खाली प्रायमरच नव्हता. कागद थेट ड्रायवॉलच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, म्हणजे ओढला की भिंतीचं सालही सोबत येणार. मग त्यानं मला दोन रस्ते सांगितले. कागद तसाच ठेवायचा, सांधे भरायचे, वरून तेलाचा प्रायमर आणि त्यावर बेज रंग. दोन दिवसांचं काम, बघणाऱ्याला आत काय आहे ते कळणार नाही. नाहीतर सगळा कागद काढायचा, फाटलेली जागा बंद करायची, सबंध भिंतीवर पुट्टीचा पातळ हात, आपले रंगारी त्याला लांबी भरणं म्हणतात तसं, मग घासायचं, प्रायमर, मग रंग. तीन आठवडे आणि घरभर धूळ.

"सो," पेन्सिल कानावर ठेवत त्यानं विचारलं, "यू सेलिंग, ऑर यू स्टेइंग?"

साडेसहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तू तर नाहीच.

कागद तसाच ठेवून वरून बेज, बघणाऱ्याला कळणार नाही, हे ऐकताना मला तूच दिसत होतास, ब्रश हातात घेऊन. माझं तोंड उघडायच्या आधी ईशा जिन्यावरून खाली आली. आता पंधरा वर्षांची आहे, तुझ्याएवढी उंच होणार. नऊ वर्षांची असल्यापासून ती मैत्रिणींना सांगत आलीये की पुढच्या वर्षी बहुतेक आम्ही नसू. तिनं बॅग पाठीवर टाकत विचारलं, "आई, जस्ट टेल मी. आर वी मूव्हिंग?"

"नाही," मी म्हटलं. "आपण राहतोय."

"लाइक, फॉर रिअल?"

"फॉर रिअल."

तिनं माझ्याकडे बघितलं, मारेककडे बघितलं, मग म्हणाली, "देन कॅन आय हॅव अ डोअर दॅट लॉक्स?" मी मारेकला कडीही यादीत लिहायला सांगितली.

मग रंगांची पट्टी उघडली. तुला काय हवं असतं ते मला पाठ आहे. बेज, नाहीतर बेजच्या शेजारचा बेज, विकत घेणाऱ्याला खटकणार नाही असा. मी मारेकला विचारलं, "नंतर झाकायला सगळ्यात अवघड रंग कुठला?"

"रेड," तो म्हणाला. "डार्क रेड. लावायला तीन कोट, घालवायला त्याहून जास्त. घर विकताना लोक पळून जातात."

"तोच लाव."

तो पहिल्यांदाच हसला. म्हणाला, मीसुद्धा दोन वर्षांसाठीच आलो होतो. वीस वर्षं झाली. मग एक दिवस बायकोनं न विचारता किचन बदलून घेतलं आणि तो विषय संपला.

जास्वंदीसारखा लाल होणार आहे तुझ्या बदकांचा कोपरा. जेवणाची खोलीही लाल. तू असतास तर मला कागद दाखवून, आकडे दाखवून, शेवटी हसवून थांबवलं असतंस. म्हणूनच तू नसताना करते आहे. देवांसाठी मी खिडकीशेजारी शिसवी फळी ठोकणार आहे, चार खिळ्यांची. मोजून चार. काल संध्याकाळी अर्धी भिंत सोलून झाली होती, ठिकठिकाणी सालं निघालेली, तपकिरी डाग, कुठं शाईनं कुणीतरी लिहिलेली मापं. इतकी कुरूप भिंत मी आयुष्यात पाहिली नव्हती. खुर्ची ओढून मी तिच्यासमोर बराच वेळ बसले. मला तुझ्याशी बोलायचं होतं आणि तू नव्हतास, आणि हे काही केल्या बदलत नाही. मारेक आज फाटलेल्या जागा बंद करायला घेणार होता, म्हणून मी उठून तिथलं सामान हलवलं.

अजून एक सूड बाकी होता. तो आज सकाळी घेतला.

आईंना फोन लावला, तिकडे संध्याकाळ होती, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मी सगळं सांगितलं. दोन ऑफर, दोन नकार, मॅनेजरला दिलेलं कारण. आवाज चढवला नाही. मी म्हटलं, "आई, मी त्याला कधीच अडवलं नाही. मीच निघायच्या तारखा मागत होते. यायचं नव्हतं ते त्याला." हे वाक्य मी दीड महिना मनात घोळवलं होतं, ते एकदाचं त्यांच्या कानावर घातलं.

त्यांनी तिकडे गॅस बंद केला, शिट्ट्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मेलेल्या माणसावर आळ घेतेस? त्याला उत्तर देता येत नाही म्हणून?"

"शिरीषला विचारा हवं तर."

"मला कुणाला काही विचारायचं नाही. माझा विनू तसा नव्हता."

एवढंच. मला वाटलं होतं, त्यांच्या डोळ्यांदेखत तुला खाली ओढला की माझ्या जिवाला थंडावा मिळेल. तू जागचा हलला नाहीस. पुण्यात तू अजून तसाच आहेस, गुणी, आईवेडा, बायकोनं अडकवून ठेवलेला, आणि आता कायमचाच तसा राहणार. तुझ्याशी भांडून जिंकता येत नाही हे मला जिवंतपणीच कळायला हवं होतं. आई तिकडे रडायला लागल्या होत्या, आणि इकडे मलाही रडू फुटलं. एकाच माणसासाठी आम्ही दोघी रडत होतो आणि दोघींपैकी कुणीही दुसरीला गप्प करत नव्हतं.

शिरीष मंगळवारी पुण्याला निघतोय. तुझा डबा त्याच्या हातातल्या बॅगेत बसतो, आम्ही काल बसवून पाहिला. दाखला आणि बाकीचे कागद वरच्या कप्प्यात ठेवलेत. तो म्हणत होता, वहिनी, थोड्या अस्थी इथल्या नदीत सोडू, त्यालाही इथलं आवडायचं. मी नाही म्हटलं. निम्मा इथं, निम्मा तिथं असं तू पुष्कळ राहिलास. आता सगळा जा.

फोन ठेवण्याआधी आईंनी नाक पुसलं. आवाज एकदम बारीक झाला होता. म्हणाल्या, "बरं. ते राहू दे. कधी येताय तेवढं सांग, म्हणजे गुरुजींना कळवते."

"विनय गुरुवारी पोचतोय, आई," मी म्हटलं. "एकटाच येतोय."